फोटोच्या मागची नोंद

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर असे चार महिने आम्ही उभयता इंग्लंडमधील लेस्टर येथे मुलीकडे राहिलो. लेस्टर हे नाव आपल्या समाजाला नवे नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत उभे राहिलेले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले तेथील जैन मंदिर अनेक वाचकांनी पाहिले असेल. श्वेतांबर आणि दिगंबर मूर्ती तेथे एकाच छताखाली आहेत. त्या मंदिराविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्यात शिरत नाही. मला लिहायचे आहे ते त्याच शहरात भेटलेल्या एका वेगळ्याच भक्तमंडळीविषयी, आणि त्यांच्यामुळे अकरा वर्षांनी का होईना, माझ्या हातून सुधारल्या गेलेल्या एका चुकीविषयी.

मुलीच्या शेजारच्या घरात एक निवृत्त शाळामास्तर राहतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पत्नी निवर्तलेली, मुलगा दूरच्या गावी. आम्ही घरात त्यांचा उल्लेख ‘मास्तर’ असाच करीत असू. येथेही तोच करतो. जूनमधल्या एका दुपारी कुंपणापलीकडून त्यांनी विचारले, “आज सायंकाळी आमच्या मंडळात रेल्वेचे जुने फोटो दाखवणार आहेत. येता का?” मी पडलो बँकेतला माणूस. रेल्वेशी माझा संबंध तिकिटापुरता. शिवाय सायंकाळी बाहेर पडायचे म्हणजे चौविहाराचा प्रश्न. पण जूनमध्ये तेथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. जेवण उरकून निवांत जाता येते. म्हणून गेलो.

एका छोट्या सभागृहात तीस-पस्तीस माणसे जमली होती. बहुतेक सत्तरीच्या पुढची. भिंतीवर पांढरा पडदा, मध्ये स्लाइड दाखवण्याचे जुने यंत्र, कोपऱ्यात चहाची किटली. प्रत्येकाने आपापली डबी आणलेली. ज्याची पाळी येई तो उठून यंत्रापाशी जाई, दहा-बारा फोटो दाखवी आणि प्रत्येक फोटोआधी तीन गोष्टी सांगे : फोटो कुणी काढला, कुठे काढला, केव्हा काढला. मग फोटो. पडद्यावर एखादे काळे इंजिन वाफ सोडत उभे असे. मागे पावसाने ओला झालेला फलाट, दुधाचे कॅन, हातगाडीवर टपालाच्या थैल्या, बाकावर टोपी घातलेला एखादा म्हातारा. अंधारातून आवाज येई, “हा मंगळवार नसावा. मंगळवारी त्या गाडीला हे इंजिन नसे.” मग दुसरा कुणी आपली वही उघडी. पाच मिनिटे वाद चाले आणि शेवटी दाखवणारा निमूटपणे स्लाइडच्या चौकटीवर पेन्सिलीने दुरुस्ती करी. मला आमच्या शाखेतील वार्षिक तपासणीची आठवण झाली. येथे मात्र कुणाची नोकरी पणाला लागलेली नव्हती. साठ वर्षांपूर्वीचा तो दिवस मंगळवार होता की गुरुवार, ह्याने आज कुणाचे काय बिघडणार होते? तरी ते निश्चित झाल्याशिवाय पुढचा फोटो लागत नव्हता.

ही माणसे फोटो का काढू लागली, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील मोठ्या खासगी रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ‘ब्रिटिश रेल्वेज’ अस्तित्वात आली. पुढे मोटारी आणि ट्रक वाढले, रेल्वेचा तोटाही वाढत गेला. मार्च १९६३ मध्ये रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकूण मार्गांपैकी एक-तृतीयांश मार्गांवर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम एक टक्का भाग होतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग व २,३६३ स्थानके बंद करावीत अशी शिफारस केली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून तो हिशेब अगदीच चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. तोट्याची शाखा बंद करण्याचे टिपण मीही नोकरीत लिहिलेले आहे. पण त्या टिपणात शाखेच्या ओट्यावर बसून पासबुक भरून घेणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी रकाना नसतो, तसाच बीचिंग यांच्या कोष्टकांतही नव्हता.

वाफेच्या इंजिनांचे तर आणखी विलक्षण झाले. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, ‘ईव्हनिंग स्टार’, मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि पाच वर्षांत सेवेतून काढलेही गेले. ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूलहून कार्लाइलपर्यंत आणि परत अशी निरोपाची गाडी धावली. तिचे तिकीट पंधरा गिनी होते. त्यानंतर तेथील मुख्य मार्गांवरची नित्याची वाफ संपली. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांदेखत, ती कॉलेजात जाईपर्यंत, एक संपूर्ण जग मोडीत निघाले. हाती जो कॅमेरा लागला तो घेऊन ती मुले धावली. त्या सभागृहात बसलेली माणसे म्हणजे तीच मुले.

मास्तर त्यांपैकी एक. त्यांच्या गावातूनच ग्रेट सेंट्रल नावाचा मार्ग जात होता. शेफील्डकडून लंडनच्या मेरिलबोन स्थानकापर्यंत जाणारी ही वाट १८९९ मध्ये प्रवाशांना खुली झाली. सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला जाणाऱ्या गाड्या थांबल्या आणि मे १९६९ मध्ये लेस्टर सेंट्रल स्थानक बंद पडले. सत्तर वर्षांचे आयुष्य, माणसाच्या आयुष्याएवढेच. मास्तरांनी तेराव्या वर्षी वडिलांचा पेटीसारखा कॅमेरा मागून घेतला. एका रोलमध्ये आठ फोटो निघत. रोल आणि धुलाई यांचा खर्च खाऊच्या पैशांतून. त्यामुळे कळ दाबण्याआधी तासन्‌तास उभे राहावे लागे. “आठ फोटो म्हणजे आठ निर्णय,” ते म्हणाले. आपल्या पेढ्यांवर वाढलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. अशा रीतीने सात वर्षांत त्यांनी दीडएक हजार फोटो काढले आणि प्रत्येक फोटोची नोंद एका वहीत केली : तारीख, स्थानक, इंजिनाचा क्रमांक, गाडीची वेळ, हवा. ती वही मी पाहिली. आमच्या बाबूजींच्या रोजमेळाइतकी स्वच्छ.

त्यांनीच मला लेस्टरच्या एस. डब्ल्यू. ए. न्यूटन या छायाचित्रकाराचे काम दाखवले. १८९० च्या दशकात ग्रेट सेंट्रल मार्ग बांधला जात असताना न्यूटन काचेच्या जड पट्ट्या आणि तिकाटणे घेऊन त्या मार्गावर फिरले. तयार इंजिनाशेजारी उभे राहून फोटो काढणारे पुष्कळ असतात. न्यूटन यांनी डोंगर फोडणाऱ्या मजुरांचे, त्यांच्या लाकडी झोपड्यांचे, दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकामुलांचे फोटो काढले. कंपनीच्या ताळेबंदात ‘बांधकाम खर्च’ या एका ओळीत जी माणसे बुडून गेली होती, ती त्या काचांवर चेहऱ्यांनिशी उरली. आज तो संग्रह लेस्टरशायरच्या अभिलेखागारात आहे आणि कुणालाही पाहता येतो.

हळूहळू मला या मंडळींचे संतही समजू लागले. बाथ येथे राहणाऱ्या आयव्हो पीटर्स यांनी सॉमरसेट अँड डॉर्सेट या डोंगराळ मार्गाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मार्च १९६६ मध्ये तो मार्ग बंद पडला. आज तो पाहायचा तर त्यांच्या फोटोंतच पाहावा लागतो. एरिक ट्रेसी हे तर वेकफील्डचे बिशप, म्हणजे धर्मगुरू. प्रवचन आणि इंजिने यांत त्यांना विरोध वाटला नाही. १९७८ मध्ये ॲपलबी स्थानकावर, गाडीचा फोटो काढण्यासाठी गेले असताना त्यांचे देहावसान झाले. त्यांचे सुमारे १२,००० फोटो यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहेत.

हे सारे छंदापुरतेच असते तर मी येथवर लिहिले नसते. पण या फोटोंचा उपयोग कसा होतो, हे पाहून मी थक्क झालो. वेल्समधील बॅरी येथे डाय वुडहॅम नावाचे भंगाराचे व्यापारी होते. रेल्वेने मोडीत काढलेली २९७ इंजिने त्यांच्या आवारात आली. मालवाहू डबे तोडणे सोपे, म्हणून त्यांनी आधी डबे तोडायला घेतले आणि इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. त्या विलंबाने ती वाचली. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून एकेक इंजिन विकत घेतले. अशी २१३ इंजिने तेथून सुटली. मी मास्तरांना आपल्या पांजरपोळीविषयी सांगितले. म्हातारे, लंगडे जनावर कसायाकडे जाऊ नये म्हणून त्याला सोडवून आणून सांभाळायची आपली रीत. ते हसले आणि म्हणाले, “मग बॅरीहून आलेली आमची इंजिने म्हणजे पांजरपोळच.”

पण सुटून आलेल्या इंजिनांच्या नळ्या, झडपा, दिवे, पितळी फलक हे सारे नाहीसे झालेले असे. कुठला पाइप कुठून कुठे जात होता? अशा वेळी कारखान्याच्या नकाशाइतकाच उपयोगी पडतो तो कुणा शाळकरी मुलाने फलाटाच्या टोकावरून काढलेला फोटो. मास्तरांकडे अशी पत्रे येतात : अमुक इंजिनाची डावी बाजू तुमच्याकडे आहे काय? ते फोटोची प्रत काढून पाठवतात. पैसे घेत नाहीत. एकच अट घालतात : प्रत पुढे कुणाला दिली तर काढणाऱ्याचे नाव आणि तारीख सोबत गेली पाहिजे. लफबरोहून लेस्टरच्या उत्तर टोकापर्यंत ग्रेट सेंट्रलचा सुमारे आठ मैलांचा तुकडा स्वयंसेवकांनी पुन्हा जिवंत केला आहे. त्या गाडीतून जाताना एका स्थानकावरील जाहिरातीच्या पत्र्याकडे बोट दाखवून मास्तर म्हणाले, “हा पत्रा कुठल्या उंचीवर होता ते माझ्या फोटोवरून मोजले.” त्यांच्या आवाजात दात्याचा अभिमान नव्हता, हिशेब जुळल्यावर कारकुनाला वाटते ते समाधान होते.

याच्या उलट एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. संग्रह मोठा, कदाचित सर्वांहून मोठा. पण ते कुणाला काही दाखवीत नसत. ‘लोक प्रती काढतात, मग माझ्याकडच्या वस्तूची किंमत काय राहिली?’ असा त्यांचा प्रश्न. ते वारले. घर रिकामे करणाऱ्यांनी खोकी उचलून लिलावात टाकली. निगेटिव्ह उरल्या, पण कुठले स्थानक, कुठली तारीख, काढणारा कोण, ह्याची टिपणे त्यांच्या डोक्यातच होती. ती त्यांच्याबरोबर गेली. हे ऐकताना मला आमच्या बँकांतील बेवारस ठेवी आठवल्या. दहा वर्षे कुणी फिरकले नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. पैसे बुडत नाहीत. वारसाने कागद दाखवले तर परतही मिळतात. पण फोटोच्या बाबतीत माणूस गेला की दाखवायला कागदच उरत नाही.

जुलैच्या अखेरीस मास्तरांनी मला एक फोटो दाखवला आणि माझे चित्त एकदम जागे झाले. अरुंद रूळ, ठेंगणे रुंद इंजिन, पुढे भला मोठा दिवा, मागच्या डब्यांना टोकाशी व्हरांडे. मी न विचारता म्हणालो, “ही बार्शी लाईट!” मास्तर म्हणाले, “नाही, हे स्टॅफर्डशायर. पण तुम्ही फारसे चुकला नाहीत.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी जन्मभर बार्शीकर म्हणवून घेऊनही मला ठाऊक नव्हते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे इंग्रज अभियंते १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. बार्शीची बाजारपेठ मुख्य मार्गापासून बाजूला पडली आहे हे पाहून त्यांनी अडीच फूट रुंदीच्या स्वस्त, हलक्या रेल्वेची योजना आखली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली. प्रत्येक चाकजोडीवर सारखाच बेताचा भार पडेल अशी गाड्यांची रचना होती, त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई. हा प्रयोग इतका यशस्वी झाला की स्टॅफर्डशायरच्या दऱ्यांत दूधदुभते वाहून नेण्यासाठी लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली रेल्वे बांधायचे ठरले, तेव्हा कॅल्थ्रॉप यांनाच बोलावण्यात आले. १९०४ मध्ये ती सुरू झाली. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्यांचेच नाव होते. एरवी विलायतेत जे ठरे ते इकडे येई. येथे आमच्या बार्शीचा नमुना विलायतेला गेला होता! १९३४ मध्ये ती गाडी बंद पडली, इंजिने भंगारात गेली, रूळ उखडले गेले आणि त्या वाटेची पायवाट झाली. मास्तर मला मोटारीने तेथे घेऊन गेले. नदीकाठाने, उंच कड्याखालून जाणाऱ्या त्या सपाट वाटेवर आम्ही दोन तास चाललो. रुळांचा मागमूस नाही. हातात फोटोंच्या प्रती होत्या म्हणून कुठे फलाट होता, कुठे दुधाचे कॅन ठेवीत, हे उमगत होते.

परतताना मास्तरांनी सहज विचारले, “तुमच्याकडे बार्शीच्या गाडीचा एखादा फोटो आहे का?”

“आहे,” मी म्हणालो. “एक आहे. बाबूजी स्टेशनवर उभे आहेत, मागे इंजिन आहे.”

“कुठे असतो?”

“पुण्यात. बँकेच्या लॉकरमध्ये.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जागा सुरक्षित आहे. पण तिथे तो पाहतो कोण?”

त्यांच्या मनात टोचण्याचा हेतू नव्हता. पण मला टोचले, कारण त्या फोटोची खरी हकिगत मी त्यांना सांगितली नव्हती. ती आता वाचकांना सांगतो.

बार्शीत आमची आडत होती. बाबूजी गेल्यावर वाटणी झाली. दुकान, जागा, देणी-घेणी यांत आम्हा दोघा भावांत एका शब्दाचा वाद झाला नाही, ह्याचे गावात कौतुक झाले. वाद झाला तो एका फोटोवरून. तोही मोठ्याने नव्हे. भिंतीवरच्या जुन्या चौकटीत तो फोटो होता. बार्शी टाउनच्या फलाटावर धोतर-टोपीतले बाबूजी, शेजारी त्यांचे बोट धरून आठ वर्षांचा मी, मागे पोत्यांची थप्पी आणि इंजिनाचा पुढचा भाग. बाबूजींचा त्या वयातला दुसरा फोटो नाही. पुण्याला निघताना मी तो काढून पेटीत ठेवला. दादा म्हणाला, “मला एक प्रत काढून पाठव.” मी ‘हो’ म्हणालो. फोटोत मी आहे, दादा नाही. तेव्हा तो माझाच, असा सरळ न्याय मी मनाशी केला होता. पहिल्या वर्षी प्रत काढणे राहून गेले. दुसऱ्या वर्षी दादाने आठवण केली. तिसऱ्या वर्षी त्याच्या विचारण्यात मला संशय दिसला आणि मला राग आला. मग त्याने विचारणे सोडले. फोटो मुदत ठेवींच्या पावत्यांशेजारी लॉकरमध्ये जाऊन बसला. हजारो ग्राहकांचे लॉकर ज्याने सांभाळले, त्याने आपल्या थोरल्या भावाची ठेव आपल्याच लॉकरात अकरा वर्षे अडकवून ठेवली.

आपल्या शास्त्रकारांनी परिग्रह वस्तूंच्या संख्येवर मोजलेला नाही, मनाच्या चिकटण्यावर मोजला आहे. व्रत घेताना आपण सोने, जमीन, कपडे यांची मर्यादा ठरवतो. दोन-अडीच इंचांचा करडा कागद त्या यादीत येत नाही. म्हणूनच तो निसटतो. आणि ज्ञानदानाची आपली जुनी रीत पाहा. मुद्रणकला येण्यापूर्वी आपल्या श्रावक-श्राविकांनी खर्च करून ग्रंथांच्या प्रती लिहवून घेतल्या आणि त्या साधूंना, भांडारांना अर्पण केल्या. जेसलमेर आणि पाटण येथील भांडारे त्यातूनच समृद्ध झाली. त्या हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिका असते : प्रत कुणी लिहिली, कुणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या संवतात. प्रत दिल्याने मूळ ग्रंथ कमी होत नाही आणि नोंदीमुळे लिहिणारा विसरला जात नाही. लेस्टरच्या त्या सभागृहात प्रत्येक स्लाइडआधी जे तीन प्रश्न विचारले जात, ते आपल्या पुष्पिकेचेच प्रश्न होते. सहा-सात शतके जे आपल्या घरचे होते, ते मला परक्या गावी, परक्या माणसांनी शिकवले.

सप्टेंबरमध्ये पर्युषण आले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मी बार्शीला फोन लावला. दर वर्षी लावतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, प्रकृती विचारतो, भाभींशी दोन शब्द बोलतो, फोन ठेवतो. या वर्षी ते दोन शब्द घशाशी अडले. कशाची क्षमा मागतो आहे हे न सांगता मागितलेली क्षमा म्हणजे व्हाउचर नसलेली नोंद. मी म्हणालो, “दादा, बाबूजींच्या फोटोबद्दल.” पलीकडे शांतता होती. मग दादा म्हणाला, “अरे, असू दे. तू इकडे येशील तेव्हा बघू.”

भारतात परतल्यावर दिवाळीआधी मी लॉकर उघडला आणि फोटो घेऊन बार्शीला गेलो. प्रत नव्हे, मूळ फोटो. दादा आता शहात्तर वर्षांचा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. त्याने फोटो खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “थोडा डावीकडे कलला आहे. मला तेव्हाच वाटले होते.”

मला अर्थ कळला नाही. मी विचारले, “तेव्हा म्हणजे?”

“म्हणजे मी काढला तेव्हा. सोलापूरचे एक व्यापारी आले होते, त्यांच्याकडे कॅमेरा होता. बाबूजी म्हणाले, आपलाही एक काढा. ते म्हणाले, तुमचा मुलगाच काढेल, आणि माझ्या हातात दिला. मॅट्रिक झालो होतो, दुसऱ्या दिवसापासून दुकानावर बसायचे होते. जन्मात काढलेला एवढा एकच फोटो माझा. म्हणून प्रत मागत होतो.”

फोटोत दादा नाही, म्हणून फोटो माझा, असा न्याय मी केला होता. दादा फोटोत नव्हता, कारण तो कॅमेऱ्याच्या मागे होता. त्या सभागृहातील पहिला प्रश्न, ‘कुणी काढला?’, मी साठ वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

त्या दुपारी आम्ही दोघे बैठकीवर बसलो. फोटोच्या आधारे दादाने आणखी किती गोष्टी सांगितल्या! पोत्यांवरचा शिक्का कुणाच्या पेढीचा, बाबूजींच्या हातातली पिशवी कुणासाठी भरलेली, गाडी कुर्डुवाडीहून आलेली की लातूरकडून. निम्मे मला ठाऊक नव्हते. फोटो माझ्याकडे होता आणि त्यातली माहिती दादाकडे. अकरा वर्षे दोन्ही निरुपयोगी पडून होते. नंतर गावातल्या फोटोवाल्याकडून आम्ही प्रती काढून घेतल्या. एक दादाच्या मुलाकडे, एक माझ्या मुलीकडे, एक मास्तरांकडे लेस्टरला. मास्तरांचे उत्तर आले. त्यांनी ती प्रत मंडळात दाखवली आणि स्टॅफर्डशायरच्या फोटोशेजारी ठेवली. दाखवताना, नियमाप्रमाणे, आधी काढणाऱ्याचे नाव सांगितले. इंग्लंडमधल्या तीस-पस्तीस अनोळखी माणसांनी माझ्या दादाचे नाव ऐकले, हे मी त्याला वाचून दाखवले तेव्हा तो काही बोलला नाही. भाभींना मात्र हाक मारून ते पत्र पुन्हा वाचायला लावले.

वाचकहो, आपल्या प्रत्येक घरात एखादी ट्रंक, एखादी चौकट, वहीपूजनाच्या जुन्या चोपड्यांत सरकवलेला एखादा फोटो असेलच. या दिवाळीत तो बाहेर काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा : कुणी काढला, कुठे काढला, केव्हा काढला. उत्तर फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनची शाई दुसऱ्या बाजूला उमटते. मग प्रती काढा आणि ज्यांचा त्यावर हक्क आहे त्यांना मागण्याची वेळ येऊ न देता पोहोचवा.

आमच्या फोटोच्या मागे आता नोंद आहे. दादाच्या हस्ताक्षरात, किंचित थरथरती : ‘बार्शी टाउन स्टेशन. १९६५, पावसाळ्याआधी. बाबूजी व धाकटा.’ त्याने तेवढेच लिहून पेन्सिल खाली ठेवली होती. शेवटची ओळ, काढणाऱ्याच्या नावाची, मी लिहिली.